वार्धक्यातील अवटुविकार व अस्थिदौर्बल्य : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागात बारामती व इंदापूर हे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत. दक्षिणेस नीरा, उत्तरेस व पूर्वेस भीमा, आणि टोकास नीरा-नरसिंहपूर येथे दोहोंचा संगम, अशी ह्या भूभागाची सर्वसाधारण ठेवण आहे. प्रदेश पर्जन्यछायेचा. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर झालेल्या नीरा डाव्या कालव्याने त्याच्या एका पट्ट्यात ऊस आणला. पुढे भीमेवरील उजनी धरणाने काठची गावे हलविली आणि वरच्यांना पाणी दिले. सुपे-मोरगावच्या बाजूचा मुलूख मात्र दीर्घकाळ जिराईतच राहिला. वैद्यकीय विषयाच्या लेखात हा भूगोल कशाला, असे वाचकास वाटेल. त्याचे प्रयोजन पुढे येईल. तूर्त एवढेच ध्यानात ठेवावे की, येथील आजच्या वृद्धांपैकी पुष्कळांची हाडे ज्या काळात घडली, त्या काळी त्यांच्या घरी बागायत नव्हती.

ह्या परिसरात सत्तरी गाठलेल्या माणसाने हातपाय गळाल्याची तक्रार केली की घरची मंडळी बहुधा एकच निदान करतात : वय झाले. बाई पाठीत वाकली, तर वयामुळे. वजन उतरले, जेवण जाईना, तर वयामुळे. हाक मारली तरी लवकर ओ देत नाही, तेही वयामुळेच. आणि एके दिवशी न्हाणीत किंवा गोठ्यात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, तर तो केवळ अपघात समजला जातो. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी पाचांत एक तरी वर्षाच्या आत दगावतो, असा जगभरचा अनुभव आहे. यास्तव त्या घसरण्यापूर्वीच्या काही वर्षांत शरीरात काय घडत होते, ह्याचा विचार करणे अगत्याचे ठरते. अवटु ग्रंथीचे विकार (बोलीत ज्याला सरसकट ‘थायरॉईड’ म्हणतात ते) आणि अस्थिक्षय ह्यांचा परस्परसंबंध काय, आणि विशेषतः एकावरील उपचारच दुसऱ्याचे कारण कसा होऊ शकतो, हे येथे मांडावयाचे आहे.

हाड ही एकदा घडली की आयुष्यभर तशीच राहणारी वस्तू आहे, अशी सामान्य समजूत असते. वस्तुतः प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी नवा होत असतो. अस्थिभंजक पेशी जुन्या हाडाचा बारीकसा भाग विरघळवून तेथे खळगा करतात, आणि मागाहून येणाऱ्या अस्थिजनक पेशी तो खळगा भरून काढतात. खळगा पडण्यास आठवडे पुरतात; भरणीस महिने लागतात. एका ठिकाणचे हे आवर्तन पुरे होण्यास निरोगी प्रौढात सुमारे २०० दिवस लागतात. अवटु ग्रंथीचा स्राव वाढला म्हणजे हा काळ निम्म्यावर येतो, आणि तो फार घटला म्हणजे ७०० दिवसांच्या घरात जातो. आवर्तन घाईचे झाले की भरणी अपुरी राहते. अतिस्रावाच्या रोग्यांत एकेका आवर्तनागणिक त्या जागचे जवळजवळ दहा टक्के हाड उणे होते, असे हाडाचे सूक्ष्म छेद तपासून १९८० च्या दशकात दाखविण्यात आले. तरुण शरीर ही तूट काही काळ सोसते. ज्या स्त्रीची मासिक पाळी जाऊन वीस-पंचवीस वर्षे झाली आहेत, तिच्यापाशी सोसण्यास शिल्लकच थोडी असते.

ह्या संबंधाचा इतिहास जुना आहे आणि त्यात एक योगायोगही आहे. अवटुस्राव वाढून मृत्यू पावलेल्या एका तरुण स्त्रीची हाडे किडीने पोखरल्यासारखी झाल्याचे फोन रेकलिंगहाउझेन ह्यांनी १८९१ साली नोंदविले. त्याच वर्षी इंग्लंडात न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे ह्यांनी मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क टोचून अवटुन्यूनतेच्या एका स्त्रीस बरे केले. ती बाई पुढे २८ वर्षे जगली, आणि तेवढ्या काळात तिच्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या. म्हणजे स्राव बाहेरून देता येतो हा शोध, आणि स्राव अधिक झाला तर हाडे जातात ही नोंद, ही दोन्ही एकाच वर्षाची. पहिली गोष्ट सर्वत्र पसरली; दुसरी दीर्घकाळ विकृतिविज्ञानाच्या ग्रंथांतच राहिली.

स्रावाचे प्रमाण किती असावे ह्यावर मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीची देखरेख असते. तिच्यातून निघणारे उद्दीपक द्रव्य प्रयोगशाळेच्या अहवालावर ‘टी. एस. एच.’ ह्या अक्षरांनी दाखविले जाते. रक्तात अवटुस्राव कमी असला तर हा आकडा चढतो, अधिक असला तर उतरतो. विद्यार्थ्यांचा नेमका येथेच गोंधळ होतो : आकडा मोठा म्हणजे ग्रंथी मंद, आकडा शून्याकडे म्हणजे स्राव अधिक. ह्या उद्दीपक द्रव्याचे ग्राहक खुद्द हाडांच्या पेशींवरही असल्याचे २००३ साली दाखविले गेले. म्हणजे आकडा शून्याजवळ जाणे हे अतिस्रावाचे निदर्शक तर आहेच, पण ते स्वतःही हाडास बाधक असण्याचा संभव आहे. ह्या दुसऱ्या मुद्द्यावर अद्याप मतभेद आहेत. व्यवहारी निष्कर्षात मात्र मतभेद नाही. पासष्टीपुढील अमेरिकन स्त्रियांच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांचा आकडा ०.१ किंवा त्याखाली होता, त्यांच्यात खुब्याचे हाड मोडण्याचा धोका तिप्पट आणि मणका दबण्याचा धोका चौपट आढळला.

तरुणपणी अतिस्राव झाला तर तो लपत नाही. डोळे बटबटीत दिसतात, हात थरथरतात, घाम सुटतो, माणूस चिडचिडा होतो. वार्धक्यात ह्यातले बरेचसे दिसत नाही. १९३१ साली अमेरिकन शल्यचिकित्सक लेही ह्यांनी अशा ‘उदासीन’ अतिस्रावाचे वर्णन केले : रोगी गप्प, खंगलेला, भूक मेलेली, आणि पुष्कळदा हृदयाचे ठोके अनियमित. अशा रोग्याकडे पाहून कोणी गळ्यातील ग्रंथीचा विचार करील, हे कठीणच. न्यूनतेचेही तसेच. थंडी वाजणे, बद्धकोष्ठ, मंदपणा, त्वचा कोरडी पडणे, आवाज घोगरा होणे, ह्यांपैकी कोणते लक्षण वार्धक्याचे आणि कोणते ग्रंथीचे, हे केवळ पाहून सांगता येत नाही. मांड्यांच्या वरच्या भागातील स्नायूंची दुर्बलता मात्र शोधण्याजोगी खूण आहे. खेड्यात जमिनीवर बसण्याची रीत असल्याने ती खुर्चीच्या संस्कृतीपेक्षा येथे लवकर ओळखता येते. भाकरी थापून झाल्यावर उठताना बाई गुडघ्यांवर हात टेकून स्वतःला वर ढकलू लागली, तर चौकशी करावी. ही खूण अतिस्रावात दिसते, न्यूनतेत दिसते आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावातही दिसते. म्हणून तिने निदान होत नाही. रक्त कशासाठी तपासावयाचे, एवढे कळते.

आता उपचाराकडे वळू, कारण माझ्या मते हाडांच्या दृष्टीने आज अधिक काळजी तेथेच घ्यावयास हवी. रक्ततपासणी तालुक्याच्या गावी सुलभ झाली, हे चांगलेच झाले. परंतु अहवालावर छापलेली मर्यादा बहुधा चार-साडेचारची असते, आणि ती प्रौढांच्या सरसकट पाहणीवरून ठरविलेली असते. वय वाढते तसा निरोगी माणसाचाही आकडा चढतो. अमेरिकेतील मोठ्या पाहणीत ऐंशीपुढील निरोगी माणसांत वरची मर्यादा साडेसातच्या आसपास निघाली. अशा माणसाचा आकडा ६ आला की अहवालात त्यापुढे ठळक खूण येते, खूण दिसली की गोळी लिहिली जाते, आणि ‘ही आता जन्मभर घ्यावयाची’ असे सांगितले जाते. ह्या सौम्य वाढीवर गोळीचा उपयोग होतो काय, ह्याची परीक्षा युरोपातील चार देशांत पासष्ट व त्यापुढील ७३७ व्यक्तींवर झाली. तिचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला : वर्षभराने गोळी घेणाऱ्यांच्या आणि न घेणाऱ्यांच्या थकव्यात वा इतर लक्षणांत फरक दिसला नाही. ह्याचा अर्थ गोळी निरुपयोगी आहे असा कोणी करू नये. ज्याची ग्रंथी खरोखर निकामी झाली आहे, त्यास ती जीवनावश्यक आहे, आणि लेख वाचून कोणी आपली गोळी परस्पर बंद केली तर अनर्थ होईल. मुद्दा मात्रेचा आहे.

मात्रेचा हिशेब साधा आहे. ग्रंथी पूर्ण निकामी झालेल्या प्रौढास लेव्होथायरॉक्सिन वजनाच्या दर किलोग्रॅममागे दररोज सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागते. वृद्धांस बहुधा त्याहूनही कमी. आयुष्यभर शेतात राबलेली, आता ४२ किलोग्रॅम वजन उरलेली एखादी वृद्धा डोळ्यांपुढे आणावी. तिची पूर्ण गरजसुद्धा ६७ मायक्रोग्रॅमच्या वर जात नाही. तिच्या हाती १०० ची गोळी पडली, तर ती रोज दीडपट स्राव घेते. पंधरा वर्षांपूर्वी वजन ५५ असताना ठरलेली मात्रा तशीच चालू राहिली, तरी परिणाम तोच. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात सत्तर व त्यापुढील २ लाख १३ हजार गोळी घेणाऱ्यांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. तीत दररोज ९३ मायक्रोग्रॅमहून अधिक घेणाऱ्यांत अस्थिभंगाचा धोका ४४ हून कमी घेणाऱ्यांच्या तिपटीपेक्षा जास्त आढळला. म्हणून वृद्धांत प्रारंभ १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमने करावा, असा संकेत आहे. हृदयाच्या दृष्टीनेही तेच हिताचे. मात्रा बदलल्यावर रक्त पुन्हा तपासावयाचे ते सहा ते आठ आठवड्यांनी. कारण थायरॉक्सिनचा रक्तातील अर्धा अंश उतरण्यास आठवडा लागतो, आणि पोष ग्रंथी त्याहून सावकाश स्थिरावते. चार दिवसांनी केलेली तपासणी म्हणजे पैशाचा अपव्यय. पाच वर्षे न केलेली तपासणी त्याहून वाईट.

ह्याच्या उलट बाजूची एक चूक इतकी क्षुल्लक दिसते की तिचा उल्लेख पाठ्यपुस्तकात एका ओळीत आटोपतो. वृद्ध स्त्रीस अवटूची गोळी असते आणि हाडांसाठी कॅल्शियमची गोळीही असते. सकाळी चहाबरोबर ती दोन्ही एकदम घेते, कारण दोन्ही ‘सकाळच्या’ आहेत. कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला बांधून ठेवते. लोहाची गोळीही तेच करते. थायरॉक्सिन शोषले जात नाही, आकडा चढतो, मात्रा वाढविली जाते. मग कधीतरी कॅल्शियमच्या गोळ्या संपतात आणि पुन्हा आणल्या जात नाहीत. आता वाढविलेली मात्रा पूर्णपणे शोषली जाऊ लागते, आणि हाडे वाचविण्यासाठी दिलेली गोळी थांबल्यामुळे हाडांवर दुहेरी संकट येते. उपाय फुकटचा आहे : अवटूची गोळी पहाटे उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा अर्ध्या-एक तासाने, आणि कॅल्शियम वा लोह किमान चार तासांनी, म्हणजे दुपारच्या जेवणाबरोबर.

गलगंडाचा प्रश्न येथे थोडक्यात घेतो. १९५६ पासून हिमाचलातील कांग्रा खोऱ्यात रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगाने आयोडीनयुक्त मिठाची उपयुक्तता सिद्ध झाली, आणि १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे, असा नियम आहे. समुद्रापासून दूरच्या देशावर हे मीठच आयोडीनचा मुख्य आधार होय. भिगवणची मासळी प्रसिद्ध असली तरी ती उजनीच्या गोड्या पाण्यातली आहे. कोकणातल्या समुद्री मासळीइतके आयोडीन तिच्यात नसते. खडे मीठ स्वस्त म्हणून किंवा लोणच्याला बरे म्हणून रोजच्या भाजीतही जाऊ लागले, तर हा आधार सुटतो. बाजरीसंबंधीही एक गोष्ट नमूद करावयास हवी. सूदानच्या दारफूर भागात गलगंडाचे कारण शोधताना बाजरीतील काही द्रव्ये अवटुस्रावास अडथळा करतात असे १९८९ साली दिसून आले. तेवढ्यावरून बाजरीस दोष देणे बरोबर नव्हे. जेथे आयोडीन अपुरे आणि आहार जवळजवळ केवळ बाजरीचा, तेथेच हा परिणाम ठळक होतो. मिठात आयोडीन असेल तर हिवाळ्यातली बाजरीची भाकरी निर्धास्तपणे खावी.

हाडांचा दुसरा भाग, जो अवटूशी निगडित नाही पण त्याच शरीरात त्याच वेळी चालू असतो, तो कॅल्शियमचा व ‘ड’ जीवनसत्त्वाचा. येथे आरंभीचा भूगोल उपयोगी पडतो. वृद्धास दररोज १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास असते, ज्वारीत तीसच्या आतबाहेर. नाचणी हे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील मावळचे धान्य; पूर्वेकडे ज्वारी-बाजरी. चार भाकऱ्यांतून शंभर मिलिग्रॅमच्या आसपासच कॅल्शियम पोटात जाते, आणि त्यातलेही काही धान्यातील फायटिक आम्ल अडवून ठेवते. दुधाची भर पडावी, तर दुभती जनावरे असलेल्या घरातही दूध डेअरीला जाते आणि म्हातारीच्या वाट्यास चहापुरते उरते. सूर्यप्रकाशाची येथे वाण नाही. अक्षांश सुमारे १८, आकाश वर्षातील बहुतेक महिने निरभ्र. तरीही सत्तरीच्या त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होण्याची शक्ती तरुणपणाच्या निम्म्याहून कमी उरलेली असते, आणि शेतावर जाणे थांबलेली, डोक्यावर पदर घेऊन ओसरीत बसलेली स्त्री त्या उन्हाला पारखीच असते. त्यातून अस्थिमार्दव संभवते. हाड विरळ होणे आणि हाड मऊ पडणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि साध्या रक्ततपासणीने त्या पुष्कळदा वेगळ्या करता येतात. अस्थिसुषिरतेत कॅल्शियम, फॉस्फरस व अल्कलाइन फॉस्फटेज बहुधा प्राकृत असतात. अस्थिमार्दवात पहिली दोन उतरतात व तिसरे चढते. कॅल्शियमच चढलेले दिसले, तर परावटु ग्रंथींचा विचार करावा. (ह्या ग्रंथी प्रथम दिसल्या त्या माणसात नव्हे, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली मेलेल्या एका भारतीय गेंड्याचे विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन ह्यांना त्या आढळल्या. माणसात त्या सांडस्ट्रोम ह्यांनी १८८० साली दाखविल्या.) साध्या क्ष-किरण चित्रावर विसंबून राहू नये. हाडातील सुमारे तीस टक्के खनिज गेल्यावरच ते त्यात उमटते.

हाडांची पुंजी तिशीपर्यंत साठते, आणि तिचा मोठा भाग वयात येताना. तिची मुळे त्याहूनही मागे जातात : पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने जिल्ह्यातील सहा खेड्यांत १९९३ पासून चालविलेल्या माता-पोषण अभ्यासात, मातेच्या गरोदरपणातील आहाराचा संबंध मुलाच्या सहाव्या वर्षीच्या अस्थिभाराशी असल्याचे आढळले. आता १९७२ चा दुष्काळ आठवावा. त्या वर्षी बारा ते अठरा वर्षांची असलेली मुले-मुली दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती आणि मिलो व सुकडीवर दिवस काढीत होती. ती आज पासष्टीच्या पुढे आहेत. त्या वर्षांचा हिशेब त्यांच्या कण्यात दिसत असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे. अनुमानच ते, पण पडताळून पाहता येण्याजोगे आहे, आणि पडताळणारी साक्षीदार माणसे फार वर्षे राहणार नाहीत. कालव्याकाठचे गाव व जिराईत गाव शेजारी शेजारी असल्याने तुलनेस अशी जागा सहज मिळणारी नाही. बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असल्याने हे मोजमाप पुण्याहून येऊन करण्याचेही कारण उरलेले नाही.

अशा पाहणीत एक गट वगळला जाण्याची भीती वाटते. ह्या दोन तालुक्यांतील साखर कारखान्यांच्या उसासाठी मराठवाड्यातून तोडणी कामगार हंगामात येतात व हंगाम संपता परततात. त्यामुळे ते कोणत्याच गावच्या यादीत नसतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची २०१९ साली शासकीय समितीने चौकशी केली, तेव्हा सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले, आणि त्यांतल्या अनेकींचे वय चाळिशीच्या आत होते. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली असतील, तर त्या दिवसापासूनच हाडांची घट सुरू होते. पन्नाशीची बाई मग हाडांच्या हिशेबाने पासष्टीची ठरते. त्यांना वृद्धांच्या पाहणीत वयाच्या अटीमुळे वगळणे चुकीचे होईल.

विद्यार्थ्यांनी पाहणीस जाताना सोबत न्यावयाच्या गोष्टी फार नाहीत. वजनकाटा व उंची मोजण्याची पट्टी न्यावी. तरुणपणाच्या मानाने उंची चार सेंटिमीटरहून अधिक घटली असेल, तर मणका दबल्याचा संशय घ्यावा. नाडी पूर्ण एक मिनिट पाहावी. पाळी कोणत्या वर्षी गेली, आणि आपोआप गेली की शस्त्रक्रियेने, हे आजींना स्त्री-सहकाऱ्याने विचारावे. पुरुषाने विचारल्यास उत्तर बहुधा मिळत नाही. घरात कोणते मीठ आहे ते विचारू नये, डबा पाहावा. आणि गोळी चालू आहे असे कळताच ‘कोणती’ एवढ्यावर न थांबता पाकीट मागून घ्यावे, त्यावरची मात्रा वाचावी, शेवटचा अहवाल कोणत्या साली काढला ते पाहावे, आणि ही गोळी आज सकाळी कशाबरोबर घेतली, हे विचारावे.